पहिला पेला

आक्काने खोकं चर्चच्या ऑफिसातल्या टेबलावर ठेवलं, दोरी सोडली आणि म्हणाली, "परभ्या, नीट बघून घे. नंतर म्हणू नको, दाखवलं नव्हतं."

मी त्या वेळी पंचेचाळीस वर्षांचा होतो. नगरपालिकेत हेडक्लार्क होतो, आणि धामणवेलच्या आमच्या मंडळीच्या पंचकमिटीचा सलग अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. एवढ्या थोर माणसाला 'परभ्या' म्हणणारी एकच बाई आता उरली होती. दुसरी, म्हणजे आमची आई, तीन महिन्यांपूर्वी देवाघरी गेली होती.

खोक्यात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली दोन गोल ताटं होती. प्रत्येक ताटात मधोमध भाकरीच्या तुकड्यांसाठी वाटी, आणि भोवती अंगठ्याएवढे पेले बसतील अशी भोकं. पेलेही होते, मोजून ऐंशी. सगळं पितळेचं, वर चांदीचा मुलामा. काठावर बारीक अक्षरांत कोरलं होतं: ख्रिस्तवासी सगुणाबाई शांतवन उजागरे यांच्या स्मरणार्थ.

"प्रभुभोजनाचा सेट?" मी म्हणालो.

"नाही, पाणीपुरीचा," आक्का म्हणाली. "तुमचे ते काचेचे पेले बघवत नाहीत. निम्म्यांचे काठ उडालेत. प्रभूचं रक्त घेताना लोकांचं स्वतःचं निघायचं एखाद्या दिवशी."

"दाजींनी केला?"

"मग? महिनाभर दुपारी जेवले की हेच ठोकत बसायचे. सासूबाईंचं काम म्हणून गिऱ्हाइकांची मंगळसूत्रं अडकवून ठेवली."

दाजी म्हणजे वसंत कुलथे, सोनारगल्लीतले. आक्काने १९७९ साली त्यांच्याशी कोर्टात लग्न केलं, आणि ते हिंदू म्हणून आमच्या मंडळीने आक्काला शिस्तीखाली ठेवलं. शिस्तीखाली म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. चर्चला यायला मुभा. गायला मुभा. दान टाकायला तर आग्रहच. फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट फिरतं, प्रभूच्या देहाची आणि रक्ताची खूण म्हणून भाकरीचा तुकडा आणि पेलाभर रस, ते आपल्यासमोरून जाताना हात मांडीवर ठेवायचे. मंडळीपुढे उभं राहून "माझ्या लग्नाचा मला पश्चात्ताप होतो" एवढं म्हटलं की शिस्त उठते. आक्काला दोन वेगवेगळ्या पाळकांनी घरी जाऊन तसं सुचवलं होतं. दोघांनाही तिने चहा दिला आणि सांगितलं, "पश्चात्ताप होतो की. चव न बघता हे वरून मीठ घेतात तेव्हा हटकून होतो. पण एवढ्यासाठी सगळ्या मंडळीला कशाला बसवून ठेवायचं?"

तेव्हापासून बावीस वर्षं ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यायची. दाजी तिला स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडायचे आणि बाहेर कठड्यावर पेपर वाचत बसायचे. ती बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर आईजवळ बसायची, ताट पुढून गेलं की छताकडे बघायची, आणि उपासना संपली की जायची.

आता आमच्या चर्चच्या छताविषयी. आमचं चर्च लहान, पण मयत मंडळी पुष्कळ, आणि प्रत्येकाच्या स्मरणार्थ काही ना काही दिलेलं. छताला अकरा पंखे आणि प्रत्येकाच्या पात्यावर एकेक नाव. पंखा सुरू झाला की नाव वाचता येत नाही, म्हणून काही कुटुंबं ऐन मे महिन्यात "आमच्या बाबांचा जरा बंद ठेवा" असं सांगून जात. भिंतींवर नऊ घड्याळं, नऊ वेळा दाखवणारी. मयताचं घड्याळ उतरवायचं कसं, या भीतीने एकही निघालं नव्हतं. पाळकसाहेबांच्या सोयीचं होतं ते. उपदेश लांबला की ते कायम मागे पडलेल्या घड्याळाकडे बघत.

आणि देणगी नुसती देऊन भागत नसे. समर्पणाच्या दिवशी दात्याने ती वस्तू मंडळीदेखत पहिल्यांदा वापरायची, असा आमच्याकडे दंडक. कोणी सुरू केला माहीत नाही, पण बायबलात नसलेल्या गोष्टी आम्ही फार काटेकोरपणे पाळतो. पंखा दिला तर दाता बटण दाबणार. बाक दिलं तर घरच्यांनी त्यावर बसायचं. अमोलिक सरांनी वडिलांच्या नावाने बाक दिलं, तेव्हा सात अमोलिक एका पाच माणसांच्या बाकावर बसून सबंध गीतभर श्वास रोखून होते. आम्ही इतर सगळे उभे.

हे सगळं मला पाठ होतं. तरी त्या दिवशी खोक्यात बघताना माझ्या डोक्यात काही आलं नाही. ताट खिडकीपाशी धरून मी आईचं नाव वाचत होतो. मला गहिवरून आलं होतं, आणि गहिवरलेल्या सेक्रेटरीकडून चुका होतात.

"फार सुंदर झालंय, आक्का," मी म्हणालो. "येत्या रविवारी जाहीर करतो. पुढच्या पहिल्या रविवारी समर्पण."

"कमिटीला विचारून घे."

"त्यात काय विचारायचं?"

आक्का माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग दोरी गुंडाळून तिने पिशवीत टाकली आणि गेली.

रविवारी मी सूचनांच्या वेळी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. उपासनेनंतर बायकांनी ताटं हाताळून पाहिली, नखाने मुलामा खरवडून पाहिला, समाधान पावल्या. मंगळवारी संध्याकाळी कमिटीची बैठक भरली.

कमिटी म्हणजे अध्यक्षस्थानी पाळकसाहेब, रेव्हरंड हिवाळे, नवे, मवाळ, कुणाचंही मन दुखवायचं नाही या एका तत्त्वावर चालणारे. त्यांच्या उजवीकडे निवृत्त मुख्याध्यापक अमोलिक सर, ज्यांना मंडळीची घटना तोंडपाठ होती. डावीकडे ओबेदकाका मकासरे, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, पूर्वी मिशन दवाखान्यात कंपाउंडर. आणि मी. पाचवे सभासद पुण्याला मुलाकडे राहत आणि पत्राने सहमती कळवत, विषय कळायच्या आधीच.

आभाराचा ठराव झाला. चहा आला. अमोलिक सरांनी बशी खाली ठेवली.

"एक मुद्दा आहे," ते म्हणाले. "समर्पणाच्या वेळी पहिला वापर दात्याचा."

"अर्थात," पाळकसाहेब म्हणाले.

"ही वस्तू वापरायची म्हणजे काय करायचं?"

 मला बैठक तिथेच संपवून टाकावीशी वाटली.

"पेला प्यायचा," ओबेदकाका म्हणाले. त्यांना वाटलं, खरोखरच विचारतायत.

"आणि देणाऱ्या बाईंना पेला निषिद्ध आहे," सर म्हणाले. "आपल्याच ठरावाने. १९७९."

पाळकसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांना दोन्ही बाजूंचं मन राखायचं होतं, आणि एका अंगठ्याएवढ्या पेल्याला दोन बाजू नसतात. मग तोडगे निघू लागले. समर्पण दुसऱ्या रविवारी करू, त्या दिवशी प्रभुभोजन नसतं. पण मग पहिला वापर कसा होणार? पेल्यात नुसतं पाणी देऊ. पण मंडळी विचारेल, पाणी का? त्यांनी पेला नुसता हातात धरावा आणि परत ठेवावा. शनिवारी संध्याकाळी त्यांनी थोडक्यात पश्चात्ताप करावा, चार माणसांत, वाच्यता न करता.

"प्रेतगाडीच्या वेळेला आपण दंडक वाकवला होता," अमोलिक सर म्हणाले. "ठोंबरेंनी पत्नीच्या स्मरणार्थ गाडी दिली. ते काही तिच्यावर झोपले नाहीत. रिकामी गाडी ढकलून कंपाउंडला एक फेरी मारली. तो दाखला आहे."

"दाखला कसला?" ओबेदकाका म्हणाले. "सहा महिन्यांत गेले की त्याच गाडीवरनं. पहिला वापर त्यांचाच झाला."

 मग पाळकसाहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता, आणि तो माझ्या अंगावर येतोय हे मला दिसलं.

"प्रभाकरराव, सगुणाबाई तुमच्याही आई होत्या ना?"

"होत्या."

"मग दोन भावंडांनी मिळून दिलं असं म्हणायला काय हरकत आहे? पुढे तुम्ही या. पहिला पेला तुम्ही घ्या. बहिणीची भेट पोचली, दंडकही राहिला, ठरावही राहिला."

मी म्हणालो, "चालेल."

तसा मी कमिटीत 'चालेल' म्हणण्यासाठीच होतो. अकरा वर्षांत माझ्यामुळे एकही विषय अडला नव्हता, आणि यालाच मी माझा स्वभाव मनमिळाऊ आहे असं म्हणत असे. एकोणऐंशी सालच्या मंडळीच्या सभेलाही मी होतो. तेवीस वर्षांचा. आदल्या दिवशी आईने मला सांगितलं होतं, "पोरा, तू तिच्या बाजूनं एक शब्द बोल. तुझं ऐकतील, तू शिकलेला." सभेत "मार्था उजागरे हिला शिस्तीखाली ठेवावं या मताचे कोण?" असं विचारलं, तेव्हा मी डोकं खाजवलं. वर गेलेला हात मोजणाऱ्याने मोजला. ही हकिकत मी पुढे पुष्कळांना गंमत म्हणून सांगितली. खरं तर डोकं खाजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी सोनारगल्लीत गेलो. दाजी पुढच्या दुकानात फुंकणी लावून एक नथ डाग देऊन सांधत होते. "या, मेहुणे," म्हणाले. आक्का मागे पोळ्या लाटत होती. मी पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. सांगताना 'तांत्रिक अडचण' हा शब्द मी तीन वेळा वापरला.

आक्काने पोळी तव्यावर टाकली.

"म्हणजे दिलं मी, केलं यांनी, आणि पिणार तू."

"तसं नाही, आक्का. कमिटीचं म्हणणं..."

"कमिटीचं म्हणणं कळलं. तुझं काय म्हणणं?"

"माझं काय असणार?"

"तेच तर," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी तेच बघतेय, तुझं काय म्हणणं असणार."

पुढच्या खोलीतून दाजी म्हणाले, "मार्था, जाऊ दे. भाऊ आहे. त्याच्या हातून तर त्याच्या हातून."

"जाऊ देतेच की." तिने पोळी उलटली. "मला नावाची हौस नाही, परभ्या. पुढे यायचीही नाही. मला वाटलं होतं, आईच्या निमित्तानं तरी तुम्ही ताट माझ्यापुढं थांबवाल. त्यासाठीच केला मी हा उद्योग. आता तुला खोटं कशाला सांगू? मला तो पेला पाहिजे होता. मी तिथंच बाप्तिस्मा घेतला, तिथंच वाढले. लग्न केलं म्हणून माझा देव यांनी काय गहाण ठेवून घेतला का?"

मी खाली बघत होतो. ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, समजूत घालता आली असती.

"घे तू पहिला पेला," ती म्हणाली. "माझी काही हरकत नाही. फक्त घ्यायच्या आधी ओबेदकाकांना एक विचार. आईनं शेवटचा कधी घेतला?"

"म्हणजे?"

"विचार म्हणते ना. जेवून जाणारेस का?"

मी जेवलो नाही, आणि ओबेदकाकांना विचारलंही नाही. दहा दिवस होते. रस्त्यात ते दोनदा भेटले, दोनदा मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली.

पहिल्या रविवारी सकाळी मी लवकर गेलो. वेदीमागच्या खोलीत ओबेदकाका एकटेच होते. मनुका उकळून गाळलेला रस ते एका किटलीतून पेल्यांत ओतत होते, पूर्वी औषधाचे डोस ओतत तसे, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. नवी ताटं टेबलावर चमकत होती. आता टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"काका, आईनं शेवटचा पेला कधी घेतला?"

काकांचा हात थांबला. "मार्थानं सांगितलं का विचारायला?"

"हो."

"एकोणऐंशीच्या जूनमधी," ते म्हणाले. "तुझ्या आक्काचं नाव काढलं, त्याच्या आदल्या महिन्यात."

"नाही, नाही. शेवटचा. जाण्याआधीचा."

"त्योच शेवटचा. त्याच्यानंतर नाय घेतला तिनं कधी."

आमच्याकडे ताटं फिरवणारे दोघं असतात. पुरुषांच्या बाजूला मी आणि बायकांच्या बाजूला ओबेदकाका. अकरा वर्षं मी माझ्या बाजूला माना मोजत गेलो होतो, मधली वाट ओलांडून पलीकडे बघायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"मी शेवटच्या बाकाशी जायचो," काका म्हणाले. "मार्थाचं ठरलेलं, ती वर बघायची. मी ताट तुझ्या आईपुढं धरायचो. ती आधी मार्थाकडं बघायची, मग माझ्याकडं, आन मान हलवायची. पहिल्या महिन्यात मला वाटलं, पोट बिघडलंय. दुसऱ्या महिन्यात वाटलं, रागावलीय, जाईल राग. वरसभरानं मी तिला बाहेर गाठलं. म्हणलं, सगुणाबाई, असं करू नये. तर म्हणली, माझी लेक उपाशी बसलीय आन मी तिच्या शेजारी बसून जेवू? कोणच्या आईनं असं केलंय?"

"तुम्ही कमिटीत कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? बोललो असतो तर घटना काढली असती अन् तिलापण शिस्तीखाली टाकली असती. गप राहिलो. दर महिन्याला ताट धरायचो. तिनं घ्यावं म्हणून नाय. तिला कोणी इचारलंच नाय असं व्हायला नको म्हणून."

मी खुर्चीवर बसलो. मला आईचा शेवटचा आठवडा आठवत होता. पाळकसाहेब घरी आले होते, भाकर आणि पेला घेऊन, आजाऱ्यांना देतात तसे. आईने तोंड मिटून घेतलं आणि भिंतीकडे वळली. मी पाळकसाहेबांना म्हणालो, "गिळवत नाही हो तिला आता." आणि ते गेल्यावर अर्ध्या तासाने तिने माझ्या हातून कपभर चहा प्यायला होता, दोन बिस्किटांसकट. तो चहा मी पाजला होता. तरी मला काही कळलं नव्हतं. कळून घ्यायचं नसलं की माणूस आईचं गिळणंसुद्धा बघत नाही.

बाहेर घंटा झाली.

चर्च खच्चून भरलं होतं. नवीन वस्तू बघायला आमच्याकडे गर्दी होते, उपदेशाला तितकी होत नाही. पाळकसाहेबांनी सांगितलं, "आपले सेक्रेटरी श्री. प्रभाकर उजागरे व कुटुंबीय यांनी मातोश्रींच्या स्मरणार्थ..." 'कुटुंबीय' म्हणताना त्यांनी शेवटच्या बाकाकडे बघून प्रेमळ स्मित केलं. आक्का तिथे एकटीच बसली होती. शेजारची आईची जागा मोकळी होती आणि तिथे तिने आपली पिशवी ठेवली होती.

मी पुढे गेलो. ताटं हातात घेतली, दिली, प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी पहिल्या ताटातला पेला उचलून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "घ्या."

मी पेला धरून उभा राहिलो. सगळी मंडळी बघत होती. मनात आलं होतं की काहीतरी बोलावं, पण मला बोलायची सवय नव्हती. मी तो पेला परत ताटात ठेवला.

"प्रभाकरराव," पाळकसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "पहिला वापर."

"माझा नाही," मी म्हणालो.

पहिल्या रांगेतले अमोलिक सर खाकरले. त्यानंतर जे झालं ते कमिटीच्या कुठल्याही तोडग्यात नव्हतं. ओबेदकाकांनी वेदीवरचं ताट उचललं. नेहमी ते पुढच्या बाकापासून सुरुवात करत. त्या दिवशी ते थांबलेच नाहीत. पहिलं बाक गेलं, दुसरं गेलं, हात पुढे केलेल्या बायका तशाच राहिल्या. गुडघ्यांमुळे काका डुलत चालायचे, ताटातले पेले किणकिणत होते. शेवटच्या बाकाशी ते थांबले आणि त्यांनी ताट आक्कापुढे धरलं.

आक्का सवयीने छताकडे बघत होती. ताट हललं नाही, तशी तिने मान खाली आणली. ताटाकडे बघितलं, काकांकडे बघितलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, कमिटीचा ठराव झाला का?"

तिला पेला पाहिजे होता, पण चोरून नको होता. इतकी वर्षं उपाशी राहिलेल्या माणसाने ताट समोर आल्यावर असं विचारावं, यात तिचा सगळा स्वभाव आला.

ओबेदकाकांना जन्मात खोटं बोलता आलं नाही. त्यांनी लांबून माझ्याकडे बघितलं. सगळ्या मंडळीने माझ्याकडे बघितलं. आईनेही बावीस वर्षांपूर्वी सभेत असंच बघितलं असेल. मी तेव्हा डोकं खाजवत होतो.

"झाला!" मी म्हणालो.

आवाज इतका मोठा आला की मीच दचकलो. अमोलिक सर बाकावरून अर्धे उठले. "कधी?"

"कार्यवृत्त वाचून दाखवीन," मी म्हणालो. "बसा, सर. प्रभुभोजन चालू आहे."

प्रभुभोजनाच्या वेळी बोलू नये, ही पाटी सरांनीच वडिलांच्या स्मरणार्थ लावलेली होती. ते बसले. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. कुणाचंच मन दुखवायचं नसलेल्या माणसाला तेवढंच करता येतं.

आक्काने भाकरीचा तुकडा घेतला. मग पेला दोन्ही हातांनी धरला. एवढासा पेला, त्याला दोन बोटं पुष्कळ झाली असती. तिने तो प्यायला, पदर तोंडावर घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. पुढच्या बाकावरची म्हातारी वळून तिच्या गुडघ्यावर थोपटत राहिली. मी वेदीजवळ उभा राहून रडलो. यात खोचक काही सापडत नाही, म्हणून सरळ लिहितो. मला आईची फार आठवण आली, आणि माझी फार लाज वाटली.

उपासनेनंतर दाजी फाटकापाशी होते. त्यांनी आक्काचे डोळे बघितले, काही विचारलं नाही. मला म्हणाले, "मुलामा नीट बसलाय ना हो?"

"बसलाय," मी म्हणालो.

आक्का स्कूटरवर बसता बसता म्हणाली, "परभ्या, खरंच झाला होता का रे ठराव?"

"आत्ता घरी जाऊन लिहितो."

"मांडला कोणी म्हणून लिहिशील? तू?"

 माझं नाव तिथे घालायची माझी लायकी नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या मंगळवारी कमिटी बसली. मी मागील बैठकीचं कार्यवृत्त वाचायला घेतलं. आभाराचा ठराव वाचला. त्याच्याखाली मी रविवारी दुपारी लिहिलेला ठराव वाचला: मार्था वसंत कुलथे यांच्यावरील शिस्त कोणत्याही अटीविना उठवण्यात येत आहे. सूचक, ख्रिस्तवासी सगुणाबाई शांतवन उजागरे. अनुमोदक, श्री. ओबेद मकासरे.

अमोलिक सरांनी चष्मा काढून पुसला. रागावलेले नव्हते ते, हैराण झाले होते. "प्रभाकर, मयत व्यक्तीला ठराव मांडता येतो का? घटनेत कुठे आहे?"

 उत्तर ओबेदकाकांनी दिलं.

"सर, मेल्यावर कुठं मांडलाय तिनं? जित्तेपणी मांडला. बावीस वरसं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. तुम्ही पुढच्या बाकावर व्हता, तुमची पाठ व्हती तिच्याकडं." आणि त्यांनी सरांना सगळं सांगितलं, ताट, मान हलवणं, सगळं.

 पाळकसाहेबांचा चहा तसाच राहिला. शेवटी सरांनी वही आपल्याकडे ओढली, मी लिहिलेला ठराव पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला, आणि खिशातून पेन काढलं.

"अनुमोदक दोन असले तर चालतात," ते म्हणाले, आणि ओबेदकाकांच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं.